मासळीचा रकाना

८ जानेवारी, बुधवार

आज आईला घेऊन डिचोलीला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. हिमोग्लोबिन सात पूर्णांक चार. म्हणाल्या, "गर्भाशयातल्या गाठी काढायला हव्यात, आणि लवकर. पण एवढ्या रक्तावर मी हिला टेबलावर घेणार नाही. दहाच्या वर आणा, मग तारीख देते. एप्रिलच्या पुढे मात्र नेऊ नका."

मग त्यांनी सहज विचारलं, मी काय करते. मी म्हटलं, गावोगावच्या बायकांना आहार शिकवते, रोज कोणत्या गटातलं किती खायचं ते. त्या आईच्या नखांकडे बघत राहिल्या. नखं अगदी पांढरी पडली आहेत. तेच हात मला रोज जेवण वाढतात.

बाहेर आलो तर बुधवारचा बाजार भरला होता. मला वाटलं आई थकली असेल. पण ती सरळ मासळीकडे वळली आणि बांगड्याचे कल्ले उघडून बघत मासळीवाल्या पागीणबाईशी हुज्जत घालू लागली. बाबांना आणि मला म्हणून चार बांगडे घेतले. तिला स्वतःला मासळी नको असते. २०१८ साली मासळी टिकवायला फॉर्मेलिन लावतात अशी बोंब झाली, तेव्हापासून तिने नुस्ते, म्हणजे मासळी, सोडलं. पुढे सगळे पुन्हा खायला लागले, आईच तेवढी राहिली. जुनी माणसं एकदा घाबरली की घाबरली.

बसमध्ये तिने विचारलं, "गौरवी, तुजो तो पदवेचो कागद कधी येतलो गो?"

रिपोर्ट मांडीवर असताना हिला माझा कागद आठवतो! म्हटलं, "आई, गुणपत्रिका आहे ना. नोकरीला तेवढी पुरते."

ती खिडकीबाहेर बघत बसली.

११ जानेवारी, शनिवार

तक्ता तयार केला. स्वयंपाकघराच्या दारावर आतून चिकटवला. सात रकाने आहेत: धान्य, डाळी-कडधान्य, पालेभाजी, इतर भाज्या, फळं, दूध-दही, आणि मासळी-अंडी. मोजायला स्टीलची एक वाटी ठरवली. खाल्लं की आईने त्या रकान्यात पेन्सिलने रेघ ओढायची.

आई बराच वेळ तक्त्यासमोर उभी होती. मग म्हणाली, "एवढा सगळा मी खातलंय तर तुमका काय उरात?"

मी सांगितलं की हे सगळ्यांच्या वाट्याचं नाही, बाई माणसाला एका दिवसाला लागतं तेवढंच आहे. तिला ते खरं वाटलं नाही. बाबा दारात चहाचा पेला घेऊन उभे होते. ते म्हणाले, "शेवंती, हा काय रेशनकार्ड आसा?" आणि स्वतःच हसले.

चहाचाही नियम केला आहे. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आई हो म्हणाली. संध्याकाळी पाहते तर लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळत होती.

मासळीचा रकाना रिकामा राहणार. अंडं दिलं तर म्हणते वास येतो. त्या रकान्याखाली लिहिलं: "आवडत नाही." पर्याय म्हणून कुळीथ, अळसांदे म्हणजे चवळी, तांबडी भाजी.

१४ जानेवारी, मंगळवार

सुर्ल्यात आमच्याच वाड्यावरच्या बायकांची बैठक. कागदी ताटात रंगीत भाग करून दाखवले. अर्धं ताट भाज्या-फळांचं, पाव धान्याचं, पाव डाळ-मासळीचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग शेजारची विनोदिनीकाकी उठली. "बाय, तुजा ताट बरा आसा. पण आमी ताटात खंय जेवतंव? घोव जेवलो, पोरां जेवली, मागीर टोपातच शीत कालवून जेवतंव. तो टोप रंगवून दाखय."

हसून हसून बायका भिंतीला टेकल्या. दुसरी म्हणाली, "उरला-सुरला तोच आमचो गट. त्येका रकानो काढ."

मीही हसले. पण घरी येताना हसू आलं नाही. आमच्या घरी तेच आहे. आई बाबांना वाढते, मला वाढते, आणि आमचं झालं की ओट्यापाशी बसून टोपातलं खाते. मी तीन वर्षं पोषण शिकले, आणि त्या तीन वर्षांत आईला ताट घेऊन बसलेली पाहिल्याचं मला आठवत नाही.

आजपासून तिघं एकदम बसणार. मीच ताटं वाढली. आई आमटी वाढायला चार वेळा उठली, पण शेवटी बसली. पाहुणी बसावी तशी, ताटाच्या काठाशी.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी दहाला आईला पेज दिली, वर कुळथाची उसळ. तिने पेजेचा वास घेतला आणि म्हणाली, "शेतात पेज येय ती आठवता तुका?"

आठवते! मी पाच-सहा वर्षांची असेन. तेव्हा आमच्याकडे भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, शेत कसायला होतं, आणि लावणीला सगळ्या वाड्याच्या बायका यायच्या. दहा वाजले की कोणीतरी डोक्यावर पेजेचा टोप घेऊन बांधावरून यायचं. बायका चिखलाचे हात धुऊन आंब्याखाली गोल बसायच्या. फणसाच्या पानाची कुलेर करून पेज प्यायच्या, म्हणजे पानाचा चमचा, काडीने टाचलेला. तोंडी लावायला भाजलेला सुका बांगडा, कधी अळसांद्यांचं रसदार तोणाक. तिथे पुरुष नसायचे. कोणाला आधी वाढायचं हा प्रश्नच नव्हता. आई सगळ्यांत मोठ्याने हसायची. तिच्या वाटणीचा बांगडा ती स्वतःच खायची, काटे सुद्धा चावून.

मग शेतात खाणीचा गाळ भरला आणि शेत गेलं. बाबांचा ट्रक आला. लाल धुळीत आमच्या केळीची पानंसुद्धा तांबडी असायची. मग एक दिवस खाणी बंद झाल्या, ट्रक उभा राहिला, गंजला. बाबा आता शाळेची बालरथ बस चालवतात. धूळ गेली. दहाची पेज काही परत आली नाही. सकाळी बायका आपापल्या घरात एकट्या, चहात पावाचा उंडो बुडवून खातात.

आईने पेज संपवली. धान्य एक रेघ, कडधान्य एक रेघ.

२ फेब्रुवारी, रविवार

रक्त सात पूर्णांक नऊ. एवढ्या मेहनतीला एवढंच. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली आणि म्हणाल्या, "मासळी खाते ना?" मी म्हटलं, नाही, आवडत नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमोण्याच्या मुलीला मासळी आवडत नाही?"

आमोणे आईचं माहेर, नदीकाठचं. आईने पिशवी उचलली. दारातून बाहेर पडताना चौकटीला धरून क्षणभर उभी राहिली. मी विचारलं, चक्कर येते का? म्हणाली, "नाय गो, चपल शोधतंय." चपला पायातच होत्या.

मला भीती वाटते. आज पहिल्यांदाच हा शब्द लिहिते आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

एक छोटी चिडचिड. सालीत, म्हणजे आमच्या पुढच्या खोलीत, देवीच्या फोटोशेजारी एक खिळा आहे. आईनेच ठोकला होता, माझा निकाल लागला त्या वर्षी. कामावरून आले की मी ओळखपत्राची दोरी त्यावर अडकवते. आई रोज ती काढून माझ्या टेबलावर ठेवते. आज विचारलं, हा खिळा नुसता शोभेला आहे का? म्हणाली, "त्येर दुसरा लावचा आसा."

तक्त्यात आज पालेभाजीच्या दोन रेघा. फळाच्या रकान्यात पेर, म्हणजे पेरू. तिने तो चार फोडी करून दोन मला दिल्या होत्या, तरी रेघ पूर्ण ओढली. पकडली!

१६ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं की हट्टच करायचा. आमोण्याहून मावशीने खुबे पाठवले होते, मांडवीतले ते जाड कवचाचे शिंपले. लोह भरपूर. आणि आईसाठी तर माहेरचं अन्न. लहानपणी ती आणि चंद्रावतीमावशी ओहोटीला गुडघाभर पाण्यात पायाच्या बोटांनी चाचपून खुबे काढायच्या, हे मी शंभर वेळा ऐकलं आहे. मी लहान असताना आई खुबे खायला बसली की बोलायची नाही. एकेक कवच चोखून बाजूला ढीग करायची, आणि मग तो ढीग परसातल्या केळीच्या मुळाशी टाकायची. अजून तिथे खणलं की पांढरे तुकडे निघतात.

आईने खुब्यांचं सुकं केलं. खोबरं भाजलं, त्रिफळं घातली. घर सगळं त्या वासाने भरलं. मीठ बरोबर, तिखट बरोबर, आणि जिभेवर एक थेंब घेतला नाही. मी तिच्या ताटात वाटीभर वाढले.

तिने ताट मागे सारलं. "गौरवी, नको."

"आई, औषध म्हणून खा."

"नको म्हणतंय मां?"

"फॉर्मेलिन नदीत नसतं गं! तुला मरायचंय का?"

एवढं बोलून गेले. बाबा म्हणाले, "गौरवी!" आईने वाटी उचलली. मला वाटलं खाणार. तिने वाटीचा वास घेतला, डोळे मिटून, आणि ती माझ्या ताटात ओतली.

मी जेवले नाही. तक्त्यात आज कोणी रेघा ओढल्या नाहीत. मला हे काम येत नाही, असं आज वाटतं आहे. ज्या बाईने मला जन्म दिला तिला मी एक घास भरवू शकत नाही, आणि उद्या लाटंबार्श्याला जाऊन चाळीस जणींना शिकवणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

आमोण्याला मावशीकडे एकटीच गेले. तक्रार करायलाच गेले होते. मावशी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, खुब्यांचंही. ती ऐकत होती आणि हातातलं सोल तसंच धरून होती.

"किती रगत आसा म्हणालंस?"

"आठसुद्धा नाही."

मावशी पायरीवर बसली. "तुका सांगूचा न्हय. जेच्यासाठी आंगवण, तेका ती सांगीत नाय. सांगली की मोडता. पण तां मराक टेकला मगे..."

आंगवण म्हणजे देवाला बोललेला नवस. मग तिने सांगितलं. मी बारावी झाले तेच ते वर्ष. खाणी बंद, ट्रक उभा. बाबा म्हणाले होते की पोरीला कारखान्यात पॅकिंगला लावू, कॉलेज नको. आईने दोन दिवस भांडण केलं आणि मग मावशीला घेऊन सातेरीच्या देवळात गेली. देवीपुढे बोलली: माझी पोर पदवी हातात घेईपर्यंत नुस्ते तोंडात घालणार नाही. आमच्या घरात पहिली पदवी. मासळी हेच तिला सगळ्यांत प्रिय होतं, म्हणून तेच सोडलं.

मी म्हटलं, "पण मावशी, मी २०२१ सालीच पास झाले!"

"पास झालंस. पण हातात खंय घेतलंस? ती म्हणता, कागद येवक नाय. झगो घालून फोटो काढूक नाय. देवी विचारीत, कागद खंय, तर काय दाखयतलंय?"

निकाल करोनाच्या वर्षी लागला, मोबाईलवर. समारंभ पुढे ढकलला. नंतर विद्यापीठाचं पत्र आलं होतं, मी गेले नाही. कोण एक दिवस घालवणार, गुणपत्रिका आहे ना. असं मी म्हणत राहिले, आणि ती विचारत राहिली. बसमध्ये, जेवताना, दिवे लावताना. तुजो कागद कधी येतलो गो.

तो खिळा. मी त्यावर ओळखपत्र अडकवत होते.

मावशीने निघताना खुब्यांची पिशवी देऊ केली. मी घेतली नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी दे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घरी काही बोलले नाही. सांगितलं तर मोडतं म्हणतात. माझा विश्वास आहे का? माहीत नाही. पण ही आंगवण तिची आहे, माझा विश्वास असो नसो, ती मी मोडायची नाही.

सकाळीच विद्यापीठात फोन केला. अर्ज करा, थकलेलं शुल्क भरा, शुक्रवारी येऊन घेऊन जा. एवढंच! इतकी वर्षं जे राहिलं ते एका फोनवर झालं.

तक्त्यावरची "आवडत नाही" ही ओळ खोडून टाकली. आईने ते पाहिलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मिळाला. जाड कागद, वर माझं नाव, खाली शिक्का. खिडकीतल्या बाईंना विचारलं, झगा मिळेल का फोटोपुरता? त्या हसल्या. म्हणाल्या, समारंभालाच देतात. मग पणजीत एका स्टुडिओत गेले. त्यांच्याकडे काळा झगा होता, शाळेच्या नाटकांसाठीचा असावा, एक बाही उसवलेली. ती मागे धरून फोटो काढला. हसायला सांगितलं तर मला रडू आलं. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, पदवी मिळाली की सगळ्या मुली रडतात." मी कागद फ्रेम करून घेतला, फोटो वेगळा.

घरी पोचले तेव्हा आई केळीला पाणी घालत होती. म्हटलं, आई, हात धू.

तिने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मग फ्रेम घेतली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. माझं नाव कुठे आहे ते तिने बोटाने विचारलं, मी दाखवलं. ते बोट कितीतरी वेळ काचेवर तसंच होतं. मग म्हणाली, "चंद्रानं सांगल्यान तुका."

"काय सांगितलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही. ती हसली, शेतात हसायची तसं नाही, पण त्याच्या जवळपास. "काय नाय."

फ्रेम बाबांनी खिळ्यावर लावली. थोडी वाकडी आहे. कोणीच सरळ केली नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी सातेरीच्या देवळात नारळ. आईने फ्रेम खिळ्यावरून काढून सोबत घेतली होती, साडीत गुंडाळून. देवीसमोर उभी धरली, जसं बाळ दाखवावं. गाऱ्हाणं घालताना बाबा एकदम पुढे झाले आणि हात जोडून काहीतरी पुटपुटले. बाबा देवळात नेहमी खांबापाशी थांबतात. मला नवल वाटलं.

घरी मावशी खुबे घेऊन आली होती. तिनेच सुकं केलं, आईला ओट्याकडे फिरकू दिलं नाही. चौघांची ताटं एकदम. आईने पहिला खुबा उचलला, चोखला, आणि कवच ताटाच्या कडेला ठेवलं. मग दुसरा. मावशी म्हणाली, "मीठ कमी पडला काय गो, शेवंती?" आणि आई म्हणाली, "जरासा." सात वर्षांत आईने पहिल्यांदाच जेवणाला नाव ठेवलं!

किती खाल्ले ते मी मोजलं नाही. वाटी कुठे आहे तेही पाहिलं नाही. जेवण झाल्यावर आईने कवचांचा ढीग नेऊन केळीच्या मुळाशी टाकला. जुन्या तुकड्यांवर नवे.

संध्याकाळी तक्त्यात पाहिलं. मासळीच्या रकान्यात एक रेघ होती, पेन्सिलने नव्हे, माझ्या लाल पेनाने.

९ मार्च, रविवार

मजेची गोष्ट. बाबांनी चहा सोडला! आठवडाभर मी पाहते आहे. सकाळी आई पेला पुढे करते, तर म्हणतात, "नको, पित्त होता." ज्या माणसाला ट्रकवर असताना दर चढावाला चहा लागायचा, तो माणूस. माझं चहाचं भाषण आईसाठी होतं, लागू पडलं बाबांना. बैठकीत सांगितलं तर विनोदिनीकाकी म्हणाली, "घोवान चाय सोडली? शेवंतीक सांग, दिष्ट काढ त्येची."

आणि त्याच बैठकीत ठरलं की दर मंगळवारी दहाला प्रत्येकीने घरून काहीतरी आणायचं, पेज मी करणार. काकी म्हणाली, फणसाची पानं मी आणते. कागदी ताट मी पिशवीतच ठेवलं.

२६ मार्च, बुधवार

दहा पूर्णांक दोन!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय केलंत? मी म्हटलं, गोळ्या वेळेवर, चहा लांब, तांबडी भाजी, कुळीथ, मासळी. कशाने किती वाढलं ते मला खरंच सांगता येणार नाही. तारीख मिळाली, ३ एप्रिल.

आई येताना बाजारात थांबली. बांगडे घेतले. पाच. मी मोजले, कारण नेहमी चार असतात.

३ एप्रिल, गुरुवार

इस्पितळाच्या बाकावर लिहिते आहे. आईला साडेनऊला आत नेलं. जाताना तिने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि बजावलं, "बाबांक जेवूक घाल." मी म्हटलं, आणि मी? "तूय जेव. ताटात घेवन."

बाबा सकाळपासून उपाशी. कॉरिडॉरच्या टोकाला उभे, दाराकडे डोळे लावून. मी दोनदा चहा आणू का विचारलं, दोनदा त्यांनी नको म्हणून मान हलवली.

सव्वाबाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सगळं नीट झालं. रक्त चढवावं लागलं नाही. तासाभराने भेटता येईल.

बाबा खाली बसले. थोड्या वेळाने उठले, खिसा चाचपला आणि म्हणाले, "चल गो, कॅन्टीनात. चाय घेवया."

"बाबा, पित्त?"

"गेला."

त्यांनी पहिला कप उभ्याउभ्याच संपवला. दुसरा मागवला, आणि तो मात्र बसून, सावकाश, एकेक घोट घेत प्यायले. मी विचारणार होते. मग बाबांचे देवळात जोडलेले हात आठवले, आणि मी माझा कप बशीत ओतला.